निळ्या कागदावरचा हात

एकदा एक छायाचित्रकार स्त्री आपल्या वडिलांचा हात पुसून टाकण्याची युक्ती विचारायला गुरूंकडे गेली. हे ऐकून कोणी दचकू नये. तिचा वडिलांवर जीव होता, ती मनाने वाईट नव्हती, आणि तो हात कागदावर उमटलेला होता. तरीही ती गेली हे खरे आहे. ती का गेली आणि परत येताना काय घेऊन आली, एवढेच येथे सांगायचे आहे.

तिचे नाव हेमांगी. गुरूंचेही काही नाव असेलच, पण नदीकाठच्या त्या लहान शहरात त्यांना सगळे अप्पाच म्हणत. अप्पांनी उमेदीच्या काळात लग्नांचे, मुंजींचे आणि शाळेतल्या वर्गांचे इतके फोटो काढले होते, की शहरातल्या निम्म्या घरांत भिंतीवर त्यांचेच काम टांगलेले असे. उतारवयात मात्र त्यांनी कॅमेरा कपाटात ठेवला आणि ते छायाचित्रणाच्या अगदी आरंभीच्या पद्धतींकडे वळले. कागदाला औषध लावायचे, तो अंधारात वाळवायचा, त्यावर एखादे पान किंवा जुनी काच ठेवून उन्हात धरायचा आणि मग पाण्यात धुवायचा. चित्र आपोआप उमटते. अप्पांच्या गच्चीवर दोरीला चिमट्यांनी असे ओले कागद लटकलेले असत. शेजारच्या काकू म्हणत, "आमच्या गच्चीत पापड वाळतात आणि अप्पांच्या गच्चीत ऊन वाळतं." अप्पांना हे वाक्य फार आवडे, पण तसे त्यांनी काकूंना कधी सांगितले नाही.

त्यांच्याकडे शिकायला येणारे पुष्कळ, टिकणारे थोडे. अप्पांचे बोलणे तुटक, आणि त्यातून त्यांचा एक नेम. कोणत्याही पद्धतीचा शेवटचा धडा ते लगेच देत नसत. शिष्याने स्वतः केलेले चित्र आधी जुने होऊ द्यायचे, त्याच्यावरून एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्यायचा, आणि मग त्या चित्रासमोर बसून उरलेले सांगायचे. हल्ली एवढी सवड कोणाला असते? तोवर शिष्य पुढच्या पद्धतीकडे तरी गेलेला असे, नाहीतर घरी.

हेमांगी मोठ्या शहरात लग्नांचे फोटो काढत असे. एकेका लग्नाचे हजारो फोटो काढायचे आणि ते कोणी धड बघायचेही नाही, याचा तिला वीट आला होता. ती अप्पांकडे आली, त्याच शहरात खोली घेऊन राहिली, आणि अधाशासारखी शिकू लागली. लोहाच्या क्षारांनी गडद निळी चित्रे उमटवायची पद्धत तिला पहिल्या महिन्यातच साधली. निळे जमताच ती मिठाच्या आणि चांदीच्या क्षाराकडे वळली, आणि बोटे काळी करून बसली. मग बिटाचा रस, मग पळसाच्या फुलांचा. पुढे तिने एक इन्स्टंट कॅमेराही मिळवला. बटण दाबले की त्याच्या पोटातून पांढऱ्या किनारीचा फोटो बाहेर येई आणि बघता बघता त्यात रंग भरत. त्याची दुसरी प्रत निघत नसे, म्हणून तिला तो विशेष आवडे. फोटो बाहेर आला की ती तो हलवून वाळवायला बघे, आणि अप्पा खेकसत, "पंखा आहे का तो? पालथा ठेव आणि गप्प बस."

एकदा ते तिला म्हणाले, "पाहुणी म्हणून सगळीकडे जाऊन आलीस. आता कुठंतरी राहायला जा."

हेमांगी हसली. तिला ते कौतुकच वाटले.

तिचे वडील हार्मोनिअम दुरुस्त करत. तालुक्याच्या गावी त्यांचे छोटेसे दुकान होते आणि पंचक्रोशीतल्या भजनी मंडळांच्या बिघडलेल्या सुरांची त्यांच्याकडे रीघ लागलेली असे. मुलगी लग्नांचे फोटो सोडून नेमके काय करते, हे बघायला ते एका हिवाळ्यात येऊन राहिले. प्रकृती तेव्हाच खालावलेली होती, खोकला सुटत नव्हता. मुलीने गच्चीवर नेऊन त्यांना खुर्चीत बसवले, समोर पाट मांडला, त्यावर औषध लावलेला कागद ठेवला आणि म्हणाली, "बाबा, यावर हात ठेवा. दहा मिनिटं हलवायचा नाही."

"एवढंच? यासाठी एवढं शिकायला लागतं?" असे म्हणून त्यांनी उजवा हात कागदावर पसरला.

त्यांची करंगळी लहानपणी दारात सापडून वाकडी झाली होती. ती कागदाला टेकत नसे. तिच्याखालून ऊन सरकले. मध्येच त्यांना खोकल्याची उबळ आली आणि अंगठा जागचा हलला. हेमांगीचा जीव वरखाली झाला. वडिलांचे लक्ष मात्र कठड्यावर ठेवलेल्या कपाकडे होते. "झालं का गं? चहा गार होतोय," असे त्यांनी दोनदा विचारले. कागद धुतला तेव्हा गडद निळ्या रंगात पांढरा हात वर आला. चार बोटे रेखीव. करंगळीची कड धूसर, कारण तिथे ऊन खालून शिरले होते. अंगठ्याला दुहेरी रेघ. वडिलांनी तो कागद लांब धरून पाहिला आणि म्हणाले, "माझ्यासारखाच आहे. धड एका जागी बसत नाही."

पावसाळ्याआधी ते गेले.

हेमांगीने त्या चित्राला उत्तम चौकट करून घेतली. पावसाळ्यात ओल येईल, कसर लागेल, म्हणून चौकटीच्या मागच्या बाजूला चारी कडांना चिकटपट्टी लावून ती घट्ट बंद केली. आपल्या खोलीत पूर्वेच्या खिडकीसमोर खिळा ठोकला आणि चित्र तिथे लावले. सकाळचे ऊन थेट त्यावर पडे. ती रोज चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर बसे आणि वडिलांशी दोन शब्द बोले. आलेल्यागेलेल्याला ती ते चित्र दाखवी, वाकड्या करंगळीची आणि गार होणाऱ्या चहाची गोष्ट सांगे. लोकांचे डोळे भरून येत. गोष्ट सांगून सांगून तिला ती पाठ झाली, आणि कुठल्या शब्दाला ऐकणारा गलबलेल हेही तिला कळू लागले.

दिवाळीची साफसफाई करताना तिने चौकट खाली उतरवली आणि ती चपापली. कागद आत जरासा सरकला होता आणि काचेच्या कडेला, एरवी लाकडी पट्टीखाली झाकलेली, एक बारीक निळी रेघ दिसत होती. ती रेघ गडद होती. बाकीचे चित्र तिच्यापुढे आजाऱ्यासारखे फिकट दिसत होते. रोज बघत असल्यामुळे तिच्या हे लक्षातच आले नव्हते. निळा रंग उतरत चालला होता, आणि भोवतीचा निळा उतरला की पांढरा हात त्यात विरून जाणार होता.

तिला रडू आले. रडता रडताच तिने इन्स्टंट कॅमेरा उचलला आणि आहे तेवढा हात टिपून ठेवला. पुढच्या आठवड्यात पुन्हा टिपला. मग दर आठवड्याला. ते फोटो तिने भिंतीवर ओळीने लावले. एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला बघत गेले की हात हळूहळू नाहीसा होताना दिसे. जो पाही तो गप्प होऊन जाई. चित्र उन्हातून हलवावे असे एक-दोनदा तिच्या मनात आले, पण मग ओळ तुटली असती. तिने ते हलवले नाही.

त्या शहरात कापडाचा एक मोठा व्यापारी होता. दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्याने एक दालन बांधले होते आणि तिथे तो चित्रांची प्रदर्शने भरवी. माणूस मनाचा हळवा होता. हेमांगीच्या खोलीतली ती ओळ पाहून त्याने रुमाल काढला.

"ताई, मला माझी आई आठवली," तो म्हणाला. "हे माझ्याकडे लावायचं. फाल्गुनात उद्घाटन करू. आधी हे सगळे फोटो एका ओळीत, आणि ओळीच्या शेवटी खरं चित्र. पण त्या दिवसापर्यंत त्यात काहीच उरलेलं नसायचं बरं का. कोरा कागद. लोक सुन्न होतील."

हेमांगीच्या अंगावर काटा आला. तिला वाटले, हे किती खरे आहे. तिला हेही वाटले, की आपले नाव होईल. दोन्ही गोष्टी तिला एकाच वेळी वाटल्या, आणि त्यांतली कुठली आधी वाटली हे तिने स्वतःला विचारले नाही. ती हो म्हणाली.

मात्र हिवाळ्याचे ऊन मवाळ. दिवस उलटत होते आणि चित्र पुरते कोरे होत नव्हते. आकाशी छटा चिवटपणे टिकून होती आणि तिच्यात करंगळीची धूसर कड अजून ओळखू येत होती. एका दुपारी हेमांगीने चौकट खिळ्यावरून काढली आणि गच्चीवर भर उन्हात नेऊन ठेवली. पहिल्यांदा नेताना ती जिन्यात थांबली. दुसऱ्यांदा थांबली नाही. एवढे करूनही ती कड जाईना, तेव्हा तिला अप्पांची आठवण झाली.

अप्पा पडवीत हिरडे निवडत बसले होते. हिरड्याच्या काढ्यात ते निळी चित्रे बुडवत, म्हणजे ती काळसर होत. हेमांगीने सगळे सांगितले. फोटोंची ओळ, व्यापारी, प्रदर्शन. शेवटी म्हणाली, "धुण्याच्या सोड्यात बुडवलं तर लगेच उतरेल ना? पण कागद पिवळा पडेल अशी भीती वाटते. मला शुभ्र हवाय. दुसरं काही आहे का?"

अप्पांनी हातातला हिरडा सुपात टाकला. "वडिलांचा हात आहे ना हा?"

"हो."

"आण इकडं."

त्यांनी चौकट पालथी केली, मागची चिकटपट्टी बघितली आणि नुसतेच "हं" म्हणाले. मग सुरी मागवली. चारी कडांची पट्टी कापून काढली, मागचा पुठ्ठा काढला, कागद अलगद सोडवला. काच आणि ती महागाची चौकट त्यांनी भिंतीशी उभी करून ठेवली, जणू तिच्याशी आता काही काम उरले नव्हते. आतल्या खोलीत रजया ठेवायचा लाकडी पेटारा होता. थंडीचे दिवस असल्यामुळे रजया बाहेर होत्या आणि पेटारा रिकामा. अप्पांनी तळाशी धुतलेले धोतर अंथरले, त्यावर चित्र ठेवले आणि झाकण लावले.

"आत काय घातलंय?" हेमांगीने विचारले. तिला वाटले, काही धुरी असेल, एखादे औषध असेल.

"काही नाही."

"मग ते पांढरं कसं होईल?"

"उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ये. तोवर हे उघडायचं नाही, आणि विचारायचंही नाही."

गुरूंचे विचित्र वागणे हेमांगीला नवीन नव्हते. काम झाल्याशी कारण, असे म्हणून ती निघाली.

पहिले काही दिवस तिला हलके वाटले. नंतर सकाळचा चहा जड जाऊ लागला. समोर रिकामा खिळा. बोलायला तोंड उघडावे तर शब्द फुटेना. म्हणून ती भिंतीवरच्या इन्स्टंट फोटोंच्या ओळीशी जाऊन उभी राहिली आणि वडिलांचा हात शोधू लागली. फोटो लहान, काचेवरच्या उजेडाची तिरीप प्रत्येकात आलेली. रंग किती उतरला हे त्यांत स्पष्ट दिसत होते. पण अंगठ्याची ती दुहेरी रेघ आतल्या बाजूला होती की बाहेरच्या? तिला आठवेना. एकाही फोटोत कळेना. एवढे दिवस ती रोज त्या हाताकडे बघत होती आणि तिने पाहिला होता फक्त रंग.

ती तशीच चपला सरकवून अप्पांकडे पळाली.

"अप्पा, माझं चित्र परत द्या."

"नाही."

"मला नकोय ते प्रदर्शन. आहे तेवढंच राहू दे. करंगळी तरी राहील."

"आत्ता उघडलंस तर सगळं फुकट जाईल," अप्पा म्हणाले. "मी काय करतोय ते मला ठाऊक आहे. तू काय केलंस ते तुला ठाऊक आहे. जा घरी."

ती पायरीवर बसून राहिली. पाय निघेना. आत, हाताच्या अंतरावर, बाबांचा उरलासुरला हात नाहीसा होतो आहे आणि ते आपणच मागितले आहे, ही जाणीव तिला आयुष्यात कधी झाली नव्हती इतकी स्पष्ट झाली. ती हमसून रडली. अप्पांनी तिला ऐकू येईल अशा बेताने हिरडे कुटायला घेतले आणि तिचे रडणे थांबेपर्यंत ते थांबले नाहीत. मग त्यांनी एक तांब्या पाणी आणून तिच्याशेजारी ठेवले. त्या दिवशी ती कोणालाच काही न सांगता परत गेली, आणि त्यानंतर तिने वडिलांची गोष्टही कोणाला सांगितली नाही.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी व्यापारी स्वतः गाडी घेऊन आला. त्याने दालनात ओळीच्या शेवटी खास दिवा लावून घेतला होता आणि तो उत्साहात होता. हेमांगी त्याच्या मागोमाग अप्पांच्या आतल्या खोलीत शिरली ती गुन्हेगारासारखी. अप्पांनी पेटाऱ्याचे झाकण उघडले, धोतरासकट कागद बाहेर काढला आणि खिडकीपासून दूर, भिंतीच्या सावलीत धरला.

कागद निळा होता. गच्चीवर धुऊन काढला त्या दिवसासारखा निळा. आणि त्यात पांढरा हात होता. चार बोटे रेखीव, करंगळीची कड धूसर, आणि अंगठ्याची दुहेरी रेघ आतल्या बाजूला.

हेमांगीला इतका आनंद झाला की तो सहन होईना. तिने हात पुढे केला, पण कागदाला लावला नाही.

व्यापाऱ्याचा चेहरा पडला. "अप्पा, हे काय करून बसलात? पुन्हा रंगवलंत की काय? उद्या लोक येणार आहेत. हा शेवट तर आमच्या सगळ्या ओळीला खोटं पाडतोय."

"मी बोटसुद्धा लावलेलं नाही," अप्पा म्हणाले. "बसा. एकदाच सांगतो."

व्यापारी रजयांच्या ढिगावर बसला. अप्पा हेमांगीकडे वळले.

"हा निळा रंग उन्हात दमतो, मरत नाही. त्याला अंधारात ठेवावं, हवा लागू द्यावी, की तो हळूहळू परत येतो. निळ्या चित्राचा हा शेवटचा धडा. तू त्याच्यापर्यंत थांबली नव्हतीस, म्हणून द्यायचा राहिला होता. तू या चित्राला उन्हात टांगलंस आणि मागून पट्टी लावून हवाही बंद केलीस. त्याला दम खायला जागाच ठेवली नाहीस. आणि तुझंही तेच झालं. वडील गेल्यापासून तू त्यांना एक दिवस एकटं सोडलं नाहीस. रोज बघितलंस, येईल त्याला दाखवलंस. दाखवू नये असं मी म्हणत नाही. पण सारखं उजेडात ठेवलेलं दुःख फिकं पडतं, आणि मग माणसाला वाटतं की आपली मायाच आटली. तसं वाटलं की उरलंसुरलं पुसून टाकायला हात धजतो. तुझा धजला."

हेमांगीने मान खाली घातली.

"आता नीट बघ," अप्पांचा आवाज मऊ झाला. "हात जिथं आहे तिथं काय आहे? कोरा कागद. तिथं औषध लागलेलं होतं, पण ऊन पोचलं नाही, कारण मध्ये तुझे वडील होते. ती जागा त्यांची. ती उन्हानं जात नाही. जातो तो भोवतीचा निळा, आणि तो सांभाळणं तुझं काम."

बाहेर रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. व्यापारी घसा खाकरून म्हणाला, "अप्पा, पटलं. पण उद्या त्या शेवटच्या जागेवर मी लावू काय? दिवासुद्धा बसवलाय."

"दिवा काढून टाका," हेमांगी म्हणाली. "मी सकाळी घेऊन येते."

ती त्याच दिवशी तालुक्याला गेली. वडिलांचे दुकान अजून आवरायचे राहिले होते. कोपऱ्यात एक जुनी हार्मोनिअम होती. तिचे सूर काढून दुसऱ्या वाद्यांना लावून झालेले, भाता गेलेला, नुसते शिसवी खोके आणि झाकण उरलेले. ती तिने पुसली, मागे भात्याच्या मोकळ्या जागेवर काळे सुती कापड लावले, म्हणजे हवा जाईल आणि उजेड येणार नाही. आत अप्पांच्या धोतराचा तुकडा अंथरला आणि चित्र ठेवले.

दुसऱ्या दिवशी दालनात लोकांनी इन्स्टंट फोटोंची ओळ पाहिली. हात फिकट होत होत नाहीसा होताना पाहिला. ओळीच्या शेवटी, दिवा नसलेल्या कोपऱ्यात, एका बैठ्या मेजावर बंद हार्मोनिअम ठेवलेली होती. तिच्याजवळ नाव नव्हते की माहिती नव्हती. काहींनी तिला वळसा घातला, काहींना वाटले संध्याकाळी गाण्याचा कार्यक्रम आहे. नऊवारीतल्या एक वृद्ध बाई मात्र सगळी ओळ पाहून तिच्यापाशी थांबल्या.

"यात काय आहे गं?"

"माझ्या वडिलांचा हात," हेमांगी म्हणाली.

"पण तो तर गेला ना? तिथं शेवटच्या फोटोत जवळजवळ काहीच दिसत नाही."

"गेला नव्हता, आजी. दमला होता. आता आत आहे."

बाईंनी झाकणावर तळवा टेकवला. "उघडून दाखवतेस?"

गोष्ट सांगायला हेमांगीच्या ओठांपर्यंत शब्द आले होते. वाकडी करंगळी, खोकल्याची उबळ, सगळे. तिला माहीत होते, या बाई नक्की रडतील. तिने ते शब्द गिळले.

"आज नको," ती म्हणाली. "त्यांना पडू दे जरा."

बाई हसल्या. "बरोबर आहे," असे म्हणून त्यांनी झाकणावरचा हात काढला आणि पुढे गेल्या.

हेमांगी अजून त्याच शहरात राहते. नव्या पद्धती शिकायचे तिने सोडलेले नाही, पण आता एकेका चित्रावरून पावसाळा आणि उन्हाळा जाऊ देते आणि मग अप्पांसमोर जाऊन बसते. खिडकीसमोरचा खिळा रिकामाच आहे. वर्षातून एकदा, वडिलांच्या तिथीला, ती सकाळी हार्मोनिअम गच्चीच्या दाराशी सावलीत आणून ठेवते, शेजारी चहाचा कप ठेवते आणि झाकण उघडते. काही बोलत नाही. हात बघते, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत. चहा गार व्हायच्या आत झाकण लावून टाकते.